नॉर्मन पूर्वजांचा शोध : इंग्रजी वंशवृक्ष आणि पुराव्याची वाट



इंग्लंडच्या मध्ययुगीन इतिहासात एका गंजलेल्या तलवारीची कथा सांगितली जाते. इ. स. १२७८ नंतरच्या काळात राजा पहिला एडवर्ड याने आपल्या सरदारांकडे, ते जे हक्क उपभोगतात ते कोणत्या आधारावर, अशी चौकशी सुरू केली. सरेचा अर्ल जॉन द वॉरेन याच्यासमोर हा प्रश्न आला, तेव्हा त्याने सनद दाखवली नाही. त्याने एक जुनी, गंज चढलेली तलवार न्यायाधीशांपुढे धरली आणि आपल्या पूर्वजांनी विल्यम राजाबरोबर येऊन या तलवारीने जमीन मिळवली, तिनेच आपण ती राखू, असे बजावले. एका इतिवृत्तकाराने ही कथा नोंदवली आहे. ती शब्दशः घडली असेलच असे इतिहासकार मानत नाहीत. तथापि एका समाजाच्या मनात पूर्वजाचे स्थान काय होते, हे तिच्यातून उत्तम कळते. पूर्वज म्हणजे केवळ आठवण नव्हे. पूर्वज म्हणजे जमिनीवरचा हक्क.

या कथेला एक पुढचा भाग आहे आणि तो सहसा सांगितला जात नाही. विल्यम द वॉरेन हा हेस्टिंग्जच्या रणांगणावर खरोखरच होता, याबद्दल शंका नाही. परंतु त्याचा पुरुषवंश ११४८ मध्ये संपला. त्या वेळी उरलेली वारस म्हणजे इझाबेल नावाची एक मुलगी. तिचा दुसरा विवाह राजा दुसरा हेन्री याचा अनौरस सावत्र भाऊ हॅमेलिन याच्याशी झाला आणि त्यांच्या मुलांनी आईच्या घराण्याचे नाव चालवले. तलवार दाखवणारा जॉन हा त्या हॅमेलिनचा नातू. म्हणजे ज्या नॉर्मन पूर्वजाच्या नावाने तो गर्जत होता, त्याच्याशी त्याचे नाते आजीकडून होते. बापाकडून तो आंजूच्या घराण्याचा होता. नाते खोटे नव्हते, पण ते ज्या प्रकारचे वाटत होते त्या प्रकारचे नव्हते. इंग्रज कुटुंबातील नॉर्मन पूर्वजांच्या शोधाची सगळी अडचण आणि सगळे आकर्षण या एका उदाहरणात सामावलेले आहे.

प्रथम मूळ घटना लक्षात घ्यावी. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जजवळ नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमने इंग्लंडचा राजा हॅरॉल्ड याचा पराभव केला. पुढच्या वीस वर्षांत इंग्लंडमधील जमीनदार वर्ग जवळजवळ संपूर्ण बदलला. विल्यमच्या सैन्यात केवळ नॉर्मन नव्हते. ब्रिटनीचे, फ्लँडर्सचे आणि फ्रान्सच्या इतर भागांचे लोकही होते. या सर्वांना मिळून पुढे ‘नॉर्मन’ म्हटले गेले. खुद्द नॉर्मन म्हणजे उत्तरेकडून आलेल्या नॉर्स दर्यावर्द्यांचे वंशज, दीडशे वर्षांत फ्रेंच भाषा आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारून स्थिरावलेले. तेव्हा ‘शुद्ध नॉर्मन रक्त’ हा शब्दप्रयोग प्रारंभापासूनच पोकळ आहे.

तरीही शतकानुशतके इंग्लंडमध्ये या रक्ताचा अभिमान मिरवला गेला, आणि त्याचा रागही केला गेला. १६४९ मध्ये सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल येथे जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याचे सोबती पडीक जमीन नांगरू लागले, तेव्हा त्यांचा युक्तिवाद असा होता की जमीनदारांचा हक्क विल्यमच्या विजयातून आला आहे आणि तो विजय म्हणजे लूट होती. ‘नॉर्मन जोखड’ हा शब्द त्या काळातील राजकीय लिखाणात वारंवार येतो. ज्या वंशावळीचा एकाला गर्व वाटत होता, तीच दुसऱ्याच्या दृष्टीने अन्यायाची कैफियत होती. म्हणून नॉर्मन वंश खरा कोणाचा आणि खोटा कोणाचा, हा प्रश्न केवळ हौसेचा कधीच नव्हता.

आता पुराव्याकडे वळू. विल्यमबरोबर कोण आले होते, हे सांगणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे बॅटल ॲबीची यादी. ज्या जागी लढाई झाली, तेथे उभारलेल्या मठात ही यादी होती असे सांगतात. पण मूळ यादी उपलब्ध नाही. सोळाव्या शतकापासूनच्या ज्या नकला मिळतात, त्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि त्यांत मागाहून घुसवलेली नावे भरपूर आहेत. १९३१ मध्ये विल्यमच्या जन्मगावी, फालेज येथील किल्ल्यात, तीनशेहून अधिक नावांचा कांस्यफलक बसवला गेला. त्यावरही अभ्यासकांनी कठोर टीका केली. लढाईच्या जवळच्या काळातील लेखकांच्या, विशेषतः विल्यम ऑफ प्वातिए आणि ऑर्डेरिक व्हिटालिस यांच्या लेखनाच्या कसोटीवर रणांगणात निश्चित असलेली म्हणून उतरणारी नावे पंधरा-वीसच्या पलीकडे फारशी जात नाहीत. रॉबर्ट ऑफ बोमाँ, विल्यम फिट्झऑस्बर्न, विल्यम द वॉरेन, वॉल्टर गिफर्ड, विल्यम मॅलेट ही त्यांपैकी काही. हजारोंच्या सैन्यातील उरलेले सारे इतिहासाच्या दृष्टीने बिननावाचे आहेत.

मग शोध घेणारा कोठून सुरुवात करतो? जाणता संशोधक १०६६ पासून कधीच सुरुवात करत नाही. तो स्वतःपासून सुरुवात करून एकेक पिढी मागे जातो. इंग्लंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून आहे. १८४१ पासूनच्या जनगणनेत माणसांची नावे मिळतात. त्यामागे गेले की पॅरिशच्या, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावांच्या, नोंदवह्या लागतात. या वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने काढला. त्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि दफन एवढेच असते. तेही सर्वत्र नाही. अनेक वह्या नष्ट झाल्या आहेत, आणि १६४२ नंतरच्या यादवीच्या वर्षांत पुष्कळ ठिकाणी नोंदीच झाल्या नाहीत. जेथे वही तुटते तेथे मृत्युपत्रे आणि गावच्या मॅनर न्यायालयाचे कागद आधार देतात; कारण कुळाची जमीन बापाकडून मुलाकडे जाताना तेथे नोंद व्हावी लागे.

१५३८ च्या मागे मात्र वाट एकदम अरुंद होते. सामान्य शेतकऱ्याचा, मजुराचा, कारागिराचा माग बहुधा येथेच हरवतो. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचाच माग पुढे चालू राहतो, कारण मध्ययुगीन राज्याला माणसात नव्हे, तर जमिनीत आणि तिच्यापासून मिळणाऱ्या देण्यात रस होता. थेट राजाकडून जमीन धारण करणारा मनुष्य मेला, की सरकारी अधिकारी स्थानिक पंच बोलावून चौकशी करी : मृताची जमीन कोणती, तो केव्हा वारला, वारस कोण आणि त्याचे वय किती. अशा ‘मृत्यूनंतरच्या चौकशी’चे कागद तेराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे आहेत. वंश शोधणाऱ्याला याहून मोलाचा कागद दुसरा नाही. कारण बाप आणि मुलगा हे नाते तेथे शपथेवर सांगितलेले असते. जमिनीच्या तडजोडीचे न्यायालयीन दस्त ११९५ पासून पद्धतशीर जपलेले आहेत. एकाच चर्मपत्रावर तीन प्रती लिहीत, दोन पक्षांना दोन देत आणि तळाची तिसरी सरकारी दप्तरी ठेवीत. राजाच्या खजिन्याचे हिशेब बाराव्या शतकापासूनचे आहेत. ११६६ मध्ये दुसऱ्या हेन्रीने आपल्या सरदारांकडून, त्यांच्या जमिनीवर किती नाइट आहेत आणि ते कोण, याची उत्तरे मागवली. तीही उपलब्ध आहेत.

आणि या सर्वांच्या तळाशी आहे १०८६ ची जमीनपाहणी, ‘डोम्सडे बुक’. लॅटिनमध्ये लिहिलेला हा ग्रंथ आज लंडनमधील क्यू येथे राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यात तेरा हजारांवर गावांची नोंद आहे : १०६६ मध्ये जमीन कोणाकडे होती आणि आता कोणाकडे आहे. परंतु हे वंशावळीचे पुस्तक नाही. त्यात बहुतेक माणसे ‘राल्फ’, ‘विल्यम’, ‘रॉबर्ट’ अशी नुसत्या नावाने येतात. बाप कोण, मुलगा कोण हे क्वचितच सांगितले जाते. लंडन आणि विंचेस्टर ही शहरे त्यात नाहीत, उत्तरेचे काही प्रदेशही नाहीत. १०८६ चा एक ‘राल्फ’ आणि ११६६ चा त्याच गावचा जमीनधारक यांच्यामध्ये ऐंशी वर्षांचे अंतर आहे. जमीन एकाच कुटुंबात राहिली हे दाखवता आले, तरच ते अंतर ओलांडता येते. कॅथरिन कीट्स-रोहन यांनी १९९९ आणि २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन मोठ्या कोशांत डोम्सडेतील आणि त्यापुढील शतकातील जमीनधारकांची अशीच, व्यक्तीगणिक ओळख पटवण्याचा प्रयत्न केला आहे.

पुराव्याची ही वाट कष्टाची असल्यामुळे माणसे साहजिकच सोप्या खुणांकडे वळतात. पहिली खूण आडनावाची. बोमाँट, माँटगोमरी, पर्सी, सिंक्लेअर ही नावे फ्रान्समधील गावांवरून आली, हे खरे. परंतु नाव नॉर्मन म्हणजे वंश नॉर्मन, असे होत नाही. नेव्हिल घराण्याचे उदाहरण यासाठी प्रसिद्ध आहे. हे नाव फ्रान्समधून आले. पण तेराव्या शतकात डरहॅम प्रदेशातील रॅबीचा एतद्देशीय इंग्रज सरदार रॉबर्ट फिट्झमाल्ड्रेड याने नेव्हिल घराण्याच्या वारस कन्येशी लग्न केले, आणि त्यांच्या मुलाने आईचे आडनाव घेतले. पंधराव्या शतकात राजे बसवणारा आणि उठवणारा वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल हा, नाव नॉर्मन असूनही, पुरुषवंशाने इंग्रजच होता. पर्सी घराण्यात तर असे दोनदा घडले. बाराव्या शतकात लूव्हेनच्या जोसेलिनने ॲग्नेस द पर्सीशी लग्न केले व पुढे वंशजांनी पर्सी हे नाव चालवले. अठराव्या शतकात ह्यू स्मिथसन याने या घराण्याच्या वारस कन्येशी विवाह करून १७५० मध्ये पर्सी नाव धारण केले आणि १७६६ मध्ये तो नॉर्थम्बरलंडचा ड्यूक झाला.

नावामागे ‘द’ असले की नॉर्मन, हाही असाच समज आहे. मध्ययुगीन लॅटिन कागदात ‘द’ म्हणजे केवळ ‘अमुक गावचा’. मराठी माणसाला ज्यांच्या कोशामुळे घरच्यासारखे वाटते, त्या मोल्सवर्थ यांचे आडनाव पाहावे. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आणि त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. मोल्सवर्थ हे हंटिंगडनशायर परगण्यातील एका गावाचे नाव आहे आणि त्याचा अर्थ ‘मूल नावाच्या माणसाचे कुंपण घातलेले घरवाडे’ असा, नॉर्मन विजयाच्या आधीच्या इंग्रजीतला आहे. त्या गावचा कोणीही मनुष्य जुन्या कागदात ‘द मोल्सवर्थ’ असाच येणार. त्यावरून तो नॉर्मन होता किंवा नव्हता, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. ‘फिट्झ’ म्हणजे ‘चा मुलगा’. पण फिट्झरॉय, फिट्झक्लॅरेन्स ही नावे कितीतरी शतकांनंतर राजांच्या अनौरस संततीला दिली गेली. विल्यमसन, रॉबर्टसन, रिचर्डसन यांचेही तसेच. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड ही नावे जेत्यांनी आणली. परंतु बाराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रज शेतकरीदेखील आपल्या मुलांना तीच नावे ठेवू लागला होता.

दुसरी सोपी खूण म्हणजे छापील वंशावळ. कुलचिन्हांची नोंद ठेवणारे सरकारी अधिकारी, ज्यांना तेथे हेरल्ड म्हणतात, ते १५३० पासून १६८८ पर्यंत परगण्यापरगण्यांतून फिरून वंशावळी तपासत असत. त्यांच्या कागदांत पुष्कळ खरे आहे. परंतु त्याच काळात लोकर आणि व्यापार यांतून नवे श्रीमंत उदयाला आले होते. त्यांना जुने पूर्वज हवे होते आणि काही हेरल्ड ते पुरवायला तयार होते. ऑल्थॉर्पचे स्पेन्सर घराणे मेंढ्यांच्या व्यवसायातून वर आले. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना मध्ययुगीन देस्पेन्सर सरदारांशी जोडणारी वंशावळ तयार झाली. जे. होरेस राउंड या विद्वानाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती बनावट असल्याचे दाखवून दिले. राउंड (१८५४–१९२८) याने अशा अनेक मिरवलेल्या वंशावळी मोडीत काढल्या. पण तो नुसता मोडणारा नव्हता. स्कॉटलंडच्या स्ट्युअर्ट राजघराण्याचे मूळ ब्रिटनीतील दोल येथील एका कुळात आहे, हे त्यानेच कागदांच्या आधारे सिद्ध केले. प्रचलित दंतकथेपेक्षा सत्य कमी रोमांचक नव्हते.

थॉमस हार्डीच्या ‘टेस ऑफ द डर्बरव्हिल्स’ (१८९१) या कादंबरीचा पायाच हा आहे. गरीब फेरीवाला जॉन डर्बीफील्ड याला पाद्री सांगतो की तो प्राचीन नॉर्मन डर्बरव्हिल घराण्याचा वंशज आहे. दुसरीकडे स्टोक नावाच्या धनिक व्यापाऱ्याने ब्रिटिश म्यूझियममध्ये बसून लुप्त घराण्यांची पुस्तके चाळून तेच नाव आपल्याला लावून घेतलेले असते. खऱ्या वंशजाकडे नाव विद्रूप होऊन उरले आहे, तोतयाकडे ते अखंड आहे. आणि या नावाच्या मोहाची किंमत टेसला मोजावी लागते. ग्रंथालयात बसून सत्य शोधता येते तसे खोटेही उचलता येते, हे हार्डीने नेमके ओळखले होते.

मग नॉर्मन वंशज खरोखर आहेत तरी किती? येथे साधे गणित करून पाहावे. प्रत्येकाला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. दहा पिढ्या मागे ही संख्या १,०२४ होते. तीस पिढ्या मागे, म्हणजे साधारण हेस्टिंग्जच्या काळात, ती १०७ कोटींवर जाते. त्या काळी इंग्लंडची लोकसंख्या पंधरा-वीस लाखांच्या आसपास होती. याचा अर्थ वंशवृक्षाच्या फांद्या मागे जाताना पुन्हा पुन्हा त्याच माणसांपाशी येऊन मिळतात. पीटर राल्फ आणि ग्रॅहॅम कूप यांनी २०१३ मध्ये युरोपातील जनुकीय माहितीवरून दाखवले की, खंडाच्या दोन टोकांच्या माणसांचेही हजार वर्षांपूर्वीचे पूर्वज मोठ्या प्रमाणात समान आहेत. तेव्हा ज्याची मुळे इंग्लंडमध्ये जुनी आहेत, त्याच्या पूर्वजांत नॉर्मन असणे जवळपास अटळ आहे. ज्याचा अभिमान मोजक्यांनी बाळगला, ते जवळजवळ सर्वांचेच आहे. दुर्मीळ आहे ती कागदाने जोडलेली, एकही दुवा न तुटलेली वाट.

ही वाट बहुधा मुलींमधून जाते. सरदाराच्या धाकट्या मुलीचे लग्न लहान जमीनदाराशी, त्याच्या नातीचे पाद्र्याशी किंवा व्यापाऱ्याशी, अशा उतरत्या पायऱ्यांनी राजरक्त सामान्य घरात येते. २०१६ मध्ये बी.बी.सी.च्या एका कार्यक्रमात, पूर्व लंडनमधील कष्टकरी कुटुंबातून आलेला अभिनेता डॅनी डायर हा राजा तिसरा एडवर्ड याचा आणि म्हणून विल्यमचाही वंशज असल्याचे कागदोपत्री दाखवले गेले. त्याच्या पूर्वजांतच थॉमस क्रॉमवेल होता. क्रॉमवेल स्वतः सामान्य घरातला. पण त्याचा मुलगा ग्रेगरी याने जेन सीमोर राणीची बहीण एलिझाबेथ हिच्याशी लग्न केले आणि तिच्याकडून राजवंशाचा धागा आला. ज्याच्या हुकुमामुळे इंग्लंडच्या सामान्य माणसांची नावे नोंदली जाऊ लागली, त्याच्याच घरातून हा धागा पुढे सरकावा, हा योगायोग मनोज्ञ आहे.

जनुकीय चाचणीने हे सारे कष्ट वाचतील, असे आज अनेकांना वाटते. पण तिलाही मर्यादा आहेत. २०१२ मध्ये लेस्टर शहरात एका वाहनतळाखाली राजा तिसरा रिचर्ड याचे अवशेष सापडले. मातृवंशाकडून येणारा जनुकीय पुरावा त्याच्या बहिणीच्या आजच्या वंशजांशी जुळला. परंतु पुरुषवंशाची तुलना ब्यूफोर्टच्या ड्यूकच्या घराण्यातील, कागदोपत्री तिसऱ्या एडवर्डपर्यंत जाणाऱ्या वंशजांशी केली, तेव्हा ती जुळली नाही. हा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. मधल्या शतकांत कोठेतरी नोंदलेला बाप आणि खरा बाप वेगळे होते. कोणत्या पिढीत, ते चाचणी सांगत नाही. शिवाय नॉर्मन हे नॉर्स, फ्रँक आणि इतर लोकांचे मिश्रण असल्यामुळे, एखाद्याच्या रक्तात अमुक अंश ‘नॉर्मन’ असे चाचणीने वेगळे काढून दाखवता येत नाही. कागदाला रक्ताची आणि रक्ताला कागदाची साक्ष तपासून घ्यावी लागते.

कागद तरी किती नाजूक असतो! नॉर्मन वंशाच्या फिट्झजेराल्ड, बर्क यांसारख्या घराण्यांनी जेथे शतकानुशतके वास्तव्य केले, त्या आयर्लंडचे सरकारी अभिलेखागार जून १९२२ मध्ये यादवीत डब्लिनमध्ये जळाले. इंग्लंडची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत नष्ट झाली. एका दिवसात शेकडो वर्षांचे दुवे गेले. जे उरले, ते बहुधा कोणीतरी आधीच नक्कल करून, छापून, दुसरीकडे ठेवले होते म्हणून उरले. इंग्लंडच्या परगण्यांतील हौशी मंडळांनी पॅरिशच्या वह्या छापल्या, १८९९ मध्ये सुरू झालेल्या परगण्यांच्या इतिहासमालेचे खंड आजही निघत आहेत, आणि हे सारे लहान गावांच्या ग्रंथालयांतून वाचायला मिळते. मराठी ग्रंथालयांच्या कपाटांत जे कुलवृत्तान्त उभे आहेत, त्यांचे मोलही असेच आहे. पहिला पूर्वज कोणता पराक्रम करून आला, या पानापेक्षा कोणत्या दुव्याला कोणता कागद आहे आणि कोठे नाही हे सांगणारे पान त्यांत अधिक जपण्याजोगे असते.

इंग्लंडमधील चांगल्या वंशावळीत तुटलेला दुवा रिकामा ठेवण्याचा आता प्रघात आहे. पन्नास खऱ्या नावांनंतर एक रिकामी जागा आली, तर ती तशीच ठेवून पुढच्या शोधकाला सोपवली जाते. जॉन द वॉरेनची तलवार कोणाकडे गेली, हे कोणाला ठाऊक नाही. परंतु त्याची आजी इझाबेल हिचे नाव आठशे वर्षांपूर्वीच्या सनदांत आजही वाचता येते. नॉर्मन पूर्वजापर्यंत जाणारी वाट तिच्यासारख्या स्त्रियांच्या नावांवरून जाते, आणि ती नावे कोणीतरी लिहून ठेवली, कोणीतरी जपली, म्हणूनच ती वाट आज कोणालाही चालून पाहता येते.